मदत हवी आहे: ड्युनालिएलातलं कॅरोटिन अतिनील प्रकाशानेच वाढलं, हे कसं सिद्ध करू?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातला प्रकल्प अडकलाय आणि हातात पाचच आठवडे आहेत. सूक्ष्मशैवालांवर काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

शैवाल आहे ड्युनालिएला सलिना. शिरोड्याच्या मिठागरातल्या पाण्यातून वेगळं केलंय, 10 टक्के मिठाच्या माध्यमात वाढवते. ह्याला टणक पेशीभित्तिका नसते. मीठ वाढलं, नत्र संपलं किंवा ऊन कडक झालं की हे हरितलवकात तेलाच्या थेंबांमध्ये बीटा कॅरोटिन हे केशरी रंगद्रव्य साठवायला लागतं, कोरड्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतसुद्धा. मीठ आणि नत्र तसंच ठेवून नुसत्या अतिनील प्रकाशाने हे होतं का, एवढंच मला बघायचं होतं.

आधी यूव्ही-बी (280 ते 315 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश) नळी लावली. फ्लास्कमध्ये काहीच फरक पडेना. काच यूव्ही-बीचा बराचसा भाग अडवते हे फार उशिरा लक्षात आलं. मग उघड्या पेट्री बशीत दिलं, तर तीन दिवसांत पोहणाऱ्या पेशी थांबल्या आणि तळाला फिकट गाळ बसला. यूव्ही-बी थेट डीएनएला इजा करतं, प्रकाशसंश्लेषणातलं डी1 प्रथिनही मोडतं आणि कडक प्रकाशापासून वाचवणारी कॅरोटिनची ढाल तिथे फारशी कामाला येत नाही. ती वाट सोडली.

मग 365 नॅनोमीटरची यूव्ही-ए नळी आणली, माश्यांच्या सापळ्यात असते ती. झाकण काढून रोज 4 तास, असे सहा दिवस. कल्चर (वाढवलेलं शैवाल) केशरी झालं! त्या दिवशी खरंच खूप आनंद झाला होता. ॲसिटोनमध्ये अर्क काढून 450 नॅनोमीटरला मोजलं, तर पेशीमागे कॅरोटिन जवळजवळ दुप्पट. पण ल्युगॉल (आयोडीनचं द्रावण) घालून पेशी मोजल्या, तर कंट्रोलच्या, म्हणजे यूव्ही न दिलेल्या बशांच्या, निम्म्याच. म्हणजे अख्ख्या बशीतलं कॅरोटिन होतं तेवढंच!

आधी हिरवं कल्चर दाट होऊ द्यावं आणि यूव्ही-ए फक्त शेवटचे दोन-तीन दिवस द्यावं का? आणि मॅडम विचारतात, "हे यूव्हीमुळेच झालं, कशावरून?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

प्रतिसाद
दोन टप्प्यांचा विचार अगदी बरोबर आहे. मिठाचा आणि नत्राचा ताणसुद्धा वाढ पुरी झाल्यावरच देतात. पण एक सांगा, कंट्रोलच्या बशा झाकलेल्या होत्या का?

धागाकर्ती
हो, पूर्ण वेळ झाकलेल्या, साध्या ट्यूबखाली.

प्रतिसाद
मग तुमच्या मॅडमचा प्रश्न रास्त आहे. उघड्या बशीतलं पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. ड्युनालिएलाला मीठ वाढलं की काय होतं ते तुम्हीच वर लिहिलंय, आणि वाढही त्यानेच मंदावते. कंट्रोलसुद्धा त्याच नळीखाली, तेवढाच वेळ ठेवा, फक्त वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा आडवा धरा. तो दिसणारा प्रकाश सोडतो आणि यूव्ही अडवतो. यूव्ही द्यायच्या बशीवर साधी पातळ पॉलिथीन ताणा, तिच्यातून यूव्ही-ए जातं. दोन्हीकडे रोज वजन करून घट डिस्टिल्ड पाण्याने भरून काढा. आणि क्लोरोफिलही मोजा. ते कमी झालं की आहे तेवढंच कॅरोटिन उठून दिसतं, त्यामुळे नुसत्या केशरी रंगावर जाऊ नका.

धागाकर्ती
मनापासून आभार. आत्ताच लॅबमध्ये जाऊन उरलेल्या बशांचं मीठ रिफ्रॅक्टोमीटरने मोजलं. झाकलेल्या 10 टक्क्यांवर, उघड्या 13 वर. उद्यापासून सगळं पुन्हा लावतेय. पॉलिकार्बोनेटचा 3 मिलिमीटरचा तुकडा चालेल ना? छपराचं काम करणाऱ्यांकडे तोच मिळतोय.

प्रतिसाद
चालेल. फक्त दुधी नको, पारदर्शकच घ्या. आणि लावायच्या आधी त्याचा छोटा तुकडा स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये धरून 365 ला किती अडवतो ते बघून घ्या.