मदत हवी आहे : लॉ कॉलेजच्या भिंतीवरच्या चित्रांसाठी प्रतीकं सुचवा

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका लॉ कॉलेजसाठी चार मोठी चित्रं करायची आहेत, जिन्याच्या भिंतीवर. विषय : कॉलेजचा इतिहास आणि मूल्यं. पण माणसांचे चेहरे नकोत, सगळं प्रतीकांतून हवं, म्हणजे माझीच परीक्षा!

पहिल्या चित्रात हायकोर्टाचा घुमट नक्की. नागपूरला हायकोर्ट 1936 साली आलं, तिथून सुरुवात बरी वाटते. दुसऱ्यात जुना वर्ग. न्या. हिदायतुल्ला (पुढे देशाचे सरन्यायाधीश) इथल्या विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवायचे, माजी पंतप्रधान नरसिंह राव नागपुरातच कायदा शिकले. हे चेहऱ्याशिवाय कसं दाखवू? रिकामी खुर्ची, फळा, टांगलेला काळा कोट एवढंच सुचतंय.

तिसऱ्यात संविधान. मूळ हस्तलिखित प्रत चित्रकार नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या मंडळींनी सजवली होती. तशी नक्षीची चौकट करावी म्हणतो, नुसती नक्कल मात्र नको.

खरा घोळ चौथ्याचा. समितीला डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता हवी. मी म्हणतो, सुप्रीम कोर्टातल्या 2024 च्या नव्या मूर्तीचे डोळे उघडे आहेत, हातात तलवारीऐवजी संविधान आहे. तुम्हाला काय पटतं? (संत्रं कुठेतरी टाकाच, असाही आग्रह आहे. बाप्पा!)

आणखी एक. भिंत पश्चिमेची, खिडकीतून दुपारभर ऊन. आपला उन्हाळा 45 अंशांचा. थेट भिंतीवर ॲक्रिलिक टिकेल, की कॅनव्हासवर करून टांगू? विदर्भात असं काम केलेल्यांनी अनुभव सांगा, प्रायमर कोणता वापरला तेही.