आमदार-खासदारांच्या मानसिक पात्रतेचा निकष नेमका काय?

रानपाखरू
शिपायाच्या भरतीलाही वैद्यकीय दाखला लागतो. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ मध्ये गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं विचारतात, प्रकृतीबद्दल एक ओळ नाही. कायद्यात काही निकष आहे का? निवडून आल्यावर आमदाराची बुद्धी ढळली तर पुढे काय?

तळटीप
आहे. राज्यघटनेत खासदारांना अनुच्छेद १०२, आमदारांना १९१: अपात्र ठरायला माणूस मनोविकल (मन ठिकाणावर नसलेला) असायला हवा आणि सक्षम न्यायालयाने तसं घोषितही केलेलं हवं. नुसत्या डॉक्टरी दाखल्यावर पद जात नाही. आमदाराबद्दल वाद उठला तर राज्यपाल निवडणूक आयोगाचं मत घेतात आणि त्याबरहुकूमच निर्णय देतात. (सभागृहाच्या अध्यक्षांकडे जातं ते पक्षांतराचं प्रकरण, गल्लत नको.)

खरी गोम त्या घोषणेत. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाच्या चौकशीचं प्रकरण होतं, तेही मुख्यतः मालमत्तेच्या अंगाने. २०१७ च्या नव्या मानसिक आरोग्य कायद्याने ते रद्द झालं, त्या जागी तशी चौकशी आली नाही. आता नव्या कायद्याचं कलम १०५: चालू खटल्यात आजाराचा पुरावा आला आणि त्याला आव्हान मिळालं, तर न्यायालय मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडून तपासणी करून घेतं. शिवाय कलम ३ म्हणतं, केवळ आजार आहे म्हणून कुणी मनोविकल ठरत नाही. औषधांवर नीट चाललेला बायपोलर रुग्ण आमदार राहू शकतो, आणि राहावाच.

रानपाखरू
मग सरसकट सगळ्यांची चाचणी घ्यायला काय हरकत आहे?

निदानपूर्व
कुठली घेणार? मोका ही स्मरणशक्ती आणि आकलन तपासणारी चाचणी ३० गुणांची, २६ च्या खाली शंका. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. तरी कमी शिकलेला माणूस त्यातली घनाकृती काढताना अडतो, आणि सुरुवातीचा स्मृतिभ्रंश असलेला निवृत्त अधिकारी २७ मिळवून जातो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांतही गुण घसरतात आणि उपचारांनी सुधारतात. एका दिवसाच्या तपासणीवर पाच वर्षांचं पद काढून घेणं मला तरी पटत नाही.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त सक्तीने रुग्णालयात ठेवलेल्या खासदाराची जागा रिकामी होण्याची तरतूद होती. भेदभाव म्हणून २०१३ मध्ये काढली.

तळटीप
आमदार अंथरुणाला खिळलाच तर अनुच्छेद १९०(४) आहे: परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त जाहीर करू *शकतं*. सत्रसमाप्तीचा काळ आणि सलग चार दिवसांहून जास्त तहकुबी त्यात मोजत नाहीत. आपली अधिवेशनं बघता ६० भरायला वर्षही पुरणार नाही. त्यात रजेचा अर्ज आला आणि मंजूर झाला की मोजणीच थांबली.