मदत हवी आहे: तांदळाच्या पिठाची उठावदार रेघ टिकवायची कशी?

स्कॉटलंडमधल्या एका कॅम्पहिल वस्तीत (अपंग व्यक्ती आणि स्वयंसेवक जिथे एकत्र राहतात) मी स्वयंसेवक आहे; बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांना वारली चित्रकला शिकवते. एका आजोबांना फार अंधुक दिसतं, म्हणून बोटांना जाणवेल अशी जाड रेघ हवी. काहीजण हाताला येईल ते तोंडात घालतात, त्यामुळे ॲक्रिलिक, रांगोळी, वाळू बाद. बटाट्याचे ठसे जमले, पण सगळ्यांची चित्रं सारखीच, त्यात काय मजा! शेवटी तांदळाचं पीठ आणि डिंक, म्हणजे मूळ वारलीचाच रंग, मेंदीच्या कोनातून काढला. छान उठतो, पण वाळल्यावर पापुद्रे सुटतात. डिंक वाढवला तर कोन दाबायला जोर लागतो आणि पकड सैल असलेल्यांना ते झेपत नाही. पापुद्रे सुटू नयेत म्हणून खाण्याजोगंच काय मिसळू? की कागदाऐवजी कापड घेऊ?