मदत हवी आहे: मांजरीला आंबा चालतो का? लवकर सांगा

चिंगीची_आई: कुणीतरी सांगा प्लीज, गुगलवर एक म्हणतो चालतो दुसरा म्हणतो विष, डोकं फिरलंय माझं. आमची चिंगी दुपारपासून कोपऱ्यात बसलीय, दोनदा ओकली. नवरा म्हणतो मांजरं ओकतातच. डॉक्टरकडे न्यायचं तर आज रविवार आणि आम्ही डिचोलीच्याही आत राहतो.

फोंडेकर: किती खाल्ला? गर की साल? वय काय तिचं?

चिंगीची_आई: थोडासाच. साल कशाला देईन मी? चालतो की नाही एवढंच सांगा ना.

निवृत्त_मास्तर: मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखायला जिभेवर जे लागतं त्याचा एक जीनच बिघडलेला असतो, २००५ साली हे संशोधन आलं. वाघाचंही तेच. तेव्हा तुमची मांजर आंबा खाते हेच मुळात मला पटत नाही.

बोंडू: मास्तर, आमचा बोका फणसाचे गरे खातो, तेही रसाळच लागतो, कापा ठेवला तर हुंगून निघून जातो. त्याला सांगा तुमचं संशोधन.

माजरांची_माय: ताई, पिकल्या आंब्याचा गर नखाएवढा गेला तर काही होत नाही. साल आणि चीक वाईट. पण तेवढ्याने दोनदा ओकणार नाही ती. बरोबर आणखी काय गेलं पोटात?

चिंगीची_आई: काही नाही. फ्रूट सॅलडमधला आंबा होता, काल मुलाचा वाढदिवस झाला, एक वाटी खाली राहिली.

फोंडेकर: घ्या! हे आधी सांगायचं ना बाय. मास्तर, मिळालं का उत्तर, तिला दूध-साय हवी होती, आंबा आपला वाटेत आला म्हणून गेला.

माजरांची_माय: त्यात द्राक्षं होती का? मनुका?

हापूसवाला: पण आंबा कुठला ते सांगा. हापूसला मांजर तोंड लावणारच.

बोंडू: डिचोलीत हापूस कोण खातो रे, मानकुराद असणार.

हापूसवाला: मानकुराद म्हणजे पोर्तुगीजांनी 'माल कोराद' म्हटलेला, वाईट रंगाचा. नावातच आलं सगळं.

बोंडू: रंग चाटायचा असतो का? आणि २०२३ ला जीआय मानांकन मिळालंय त्याला.

हापूसवाला: आम्हाला २०१८ लाच मिळालं.

चिंगीची_आई: अहो आंब्यावरून भांडताय काय!! हो, द्राक्षं होती, काळी, चिरून घातलेली. पण ती आंबाच खात होती, मी बघितलं.

कंपाउंडर_काका: अंग गरम लागत असेल तर अर्धी क्रोसिन मधातून द्या, तासात उठून बसेल.

माजरांची_माय: काका नको!!! ताई, क्रोसिन अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला निस्तरता येत नाही, रक्त प्राणवायू धरत नाही, हिरड्या काळपट निळ्या पडतात, ५०० ची एक गोळी जीव घेऊ शकते. मिठाचं पाणी पाजून ओकवूही नका. द्राक्षांनी कुत्र्यांची किडनी जाते हे नक्की, मांजरांच्या केसेस कमी आहेत पण डॉक्टर धोका धरूनच चालतात. हल्ली संशय टार्टरिक ॲसिडवर आहे, ते चिंचेतही असतं. किती तास झाले आणि लघवी झाली का ते सांगा, आणि आधी फोन करा कुणा डॉक्टरला, धागा नंतर वाचा.

चिंगीची_आई: रात्री नऊला खाल्लं. लघवीचं बघितलं नाही, ती परसात जाते. पण चिंच तर हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत असते, हुमण-शीत ती रोज खाते!

माजरांची_माय: हुमणात कांदाही असतो, तोही मांजराला वाईट, रक्तपेशी फुटतात. बांगडा नुसता उकडून काटे काढून द्या. पण ते उद्यापासून, आज फोन.

कुंडीवाली: मांजर तुळशीत घाण करत असेल तर संत्र्याच्या साली पसरा, वासाने फिरकत नाही. मला गुण आला.

फोंडेकर: काकू, हे विचारलं कुणी?

चिंगीची_आई (सोमवार): म्हापशाला नेली. सलाईन लावलं, रक्त काढलं, किडनीचं ते क्रिएटिनिन नॉर्मल आलं, बुधवारी परत बघणार म्हणाले. मुलगा आता सांगतो की द्राक्षं त्यानेच वेचून खाल्ली होती, पण सगळी की थोडी ते आठवत नाही म्हणे. परवा रात्रीच बोलला असता तर! चिंगी फ्रिजवर बसलीय आणि माझ्याकडे पाठ करून. माय, खूप आभार.

हापूसवाला: बरं झालं. पण आंबा कुठला होता ते राहिलंच की.

चिंगीची_आई: मुसराद.