आरपीजीत सोलो की पार्टी? मला कॉम्प्युटरचे सोबती नकोत

रंकाळा_रात्रपाळी (धागा सुरू करणारा)
फॅन्टसी आरपीजी, म्हणजे एक पात्र होऊन खेळायचा कॉम्प्युटर गेम, पार्टी म्हणजे सोबत्यांची टोळी न घेता सोलो, एकट्यानं खेळावी असं माझं मत आहे. ग्रुपवर चार जणांनी वेड्यात काढलं म्हणून इथं मांडतोय.

स्कायरिम घ्या. पहिला ड्रॅगन मारला की व्हाइटरन शहराचा यार्ल, म्हणजे तिथला सरदार, तुम्हाला थेन हा मानाचा किताब देतो आणि लिडिया नावाची लढवय्यी सोबतीण पदरात टाकतो. तिला कॉम्प्युटर चालवतो. बाई इमानी आहे, सामान वाहते, मान्य. पण अरुंद भुयारात नेमकी दारात उभी राहणार. मी अंधारात दबकत जाऊन धनुष्य ताणतोय, तर ही तलवार उपसून केव्हाच पुढं गेलेली. सापळ्याच्या फरशीवर पाय देणार तोही हिचाच. त्यात गंमत अशी की शत्रूच्या वारानं सोबती सहसा गुडघ्यावर बसतात आणि लढाई संपली की उठतात. जीव जातो तो बहुधा आपल्याच बाणानं. म्हणजे तिला सांभाळायची जबाबदारीही माझ्यावरच.

एल्डन रिंगचं तर बोलायलाच नको. मिमिक टिअर, म्हणजे आपलीच हुबेहूब नक्कल, मदतीला बोलवायची, बॉस म्हणजे मोठा शत्रू तिच्या मागं लागला की आपण पाठीमागनं वार करायचे. यात बॉसशी लढायला शिकलात कुठं? गेम फेब्रुवारी २०२२ला आला आणि मार्चमध्येच कंपनीनं मिमिकची ताकद उतरवली. उगाच नाही उतरवली.

सोलोत जिंकलो तर मी जिंकलो, मेलो तर मी मेलो. हिशोब स्वच्छ राहतो.

तांबडा_पांढरा
मर्दा, एका लिडियापायी सगळ्यांना हाकलून दिलास की! स्कायरिमचे सोबती २०११चे. त्यांना डोकं दिलंच न्हाय कुणी. ती काय कंपॅनियनची चूक?

आणि एल्डन रिंगचं सांगतो. मिमिकसारख्या मदतीला बोलवायच्या स्पिरिट ॲश गेमनंच दिल्यात, हॅक न्हाय. काही बॉस दोन-दोन मिळून अंगावर येतात, तेव्हा कुठं जातो तुझा स्वच्छ हिशोब?

गल्ली_नं_सात
+१ सोलो. आमच्या गल्लीत लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पाळीपाळीनं लढायच्या गेममध्ये चौघांचे टर्न, म्हणजे पाळ्या, संपायची वाट बघण्यात अर्धी लढाई जाते.

जुना_सीडीवाला
नियम न बघता सोलो की पार्टी हा वाद घालण्यात अर्थ नाही. कुठल्या गेममध्ये म्हणताय, ते आधी सांगा.

१९९८चा पहिला बाल्डर्स गेट. पार्टी सहा जणांपर्यंत आणि एक्सपी, म्हणजे पात्राची लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, वाटून मिळायचे. ६०० एक्सपीचा राक्षस मारला तर सहा जणांत प्रत्येकी १००, एकटे असाल तर सगळे ६०० तुमचे. साहजिकच सोलोवाला भराभर वर चढायचा. त्या गेममध्ये ८९,००० एक्सपीला कुलूप होतं, त्यापुढं वाढ बंद. पार्टीवाला तिथं पोचायला शेवटापर्यंत घासत राहायचा, सोलोवाला कितीतरी आधी. सुरुवातीला लांडगासुद्धा तुम्हाला फाडायचा, नंतर तुम्ही कुणालाही. म्हणजे त्या काळी सोलो खेळण्यात मर्दुमकी होती तसा फायदाही होता. हे सोलोवाले सांगत नाहीत.

शिवाय तेव्हा सोबत्यांना वाट काढता यायची नाही. फायरवाइनचं भुयार आठवतंय का कुणाला? एका माणसापुरती बोळ आणि त्यात सहा जण. एक पुढं जायचा, दोन उलटे फिरायचे, जादूगार सगळा नकाशा फिरून भलत्याच दारातनं शत्रूसमोर एकटा हजर. तिथं सोलो खेळणाऱ्याला मी हात जोडतो.

आता २०२३चा बाल्डर्स गेट ३. पार्टी चौघांची आणि एक्सपी वाटले जात नाहीत. पार्टीतल्या प्रत्येकाला पूर्ण मिळतात. चौघे असा नाहीतर एकटे, लेव्हल त्याच वेळी वाढणार आणि बाराव्या लेव्हलला थांबणार. सोलोचा मोबदला शून्य. उलट शत्रू आठ जण असले तर त्यांचे आठ टर्न, तुमचा एक. रात्रपाळीवाले, तुमचा हिशोब इथं स्वच्छ आहे खरा, पण तोट्याचा आहे.

रंकाळा_रात्रपाळी
@जुना_सीडीवाला, एक्सपीचं पटलं. पण बाल्डर्स गेट ३ ज्यांनी केला त्या लॅरियननंच २०१७च्या डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २मध्ये लोन वुल्फ नावाचा खास गुण दिला होता ना? एकटे किंवा दोघंच असाल तर प्रत्येक टर्नला दोन ॲक्शन पॉइंट, म्हणजे हालचाली करायचे गुण, जास्त, आणि ताकद-बुद्धीसारख्या ॲट्रिब्यूटवर घातलेले पॉइंट दुप्पट धरले जातात. म्हणजे करायचं मनात असेल तर सोलोची सोय करता येते. तिसऱ्यात केली नाही, तो त्यांचा निर्णय.

दुसरं, बाल्डर्स गेट ३मध्ये चौघांचेही टर्न मीच खेळतो. त्याला सोबती कसं म्हणायचं? मला आठ हात फुटले एवढंच. कॉम्प्युटर चालवतो तो सोबती, आणि तो दारात उभा राहतो.

उचगावची_ऊर्मी
मी इतका वेळ गप्प वाचत होते. सगळे दादालोक टर्न आणि एक्सपीच मोजताय. सोबती मदतीला असतात हे कुणी ठरवलं?

पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये जाहिरा आणि खालिद हे सोबती नवरा-बायको आहेत. एकाला काढलं की दुसरा राहत नाही. मिन्स्क या सोबत्याला घेतलं आणि त्याच्या कैदेतल्या डायनाहीरला सोडवायला गेला नाहीत, तर तो तुमच्याच अंगावर येतो. तुमचं नाव फार चांगलं झालं की दुष्ट सोबती पार्टी सोडतात, फार खराब झालं की सज्जन सोडतात. तिसऱ्या भागात शॅडोहार्ट आणि लेझेल या सोबतिणी तळावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, रात्री एकमेकींच्या जिवावर उठतात आणि मध्ये तुम्हाला पडावं लागतं. ड्रुइडांच्या ग्रोव्हवर, म्हणजे निसर्गपूजकांच्या वस्तीवर, हल्ला करून बघा, विल आणि कारलॅक हे सोबती निघून जातील.

माझ्या निर्णयाला तोंडावर नाही म्हणणारं कुणीतरी त्या जगात आहे. एकटीनं गेले तर वाटेल ते करीन, विचारणार कोण? राक्षसाशी लढण्यापेक्षा मला हे अवघड वाटतं. चौघांचे टर्न मी खेळत असले तरी लेझेलचा राग माझ्या हातात नाही. म्हणून माझ्या लेखी ती सोबतीच.

बाकी दार अडवण्याबद्दल म्हणाल तर आमच्या घरात पाच माणसं आहेत आणि स्वयंपाकघराला दार एक. मला त्याचं काही वाटत नाही. 😄

तांबडा_पांढरा
ताई, नाद खुळा! आता बोल की रात्रपाळी.

रंकाळा_रात्रपाळी
ऊर्मीताई, गोष्टीसाठी सोबती हवेत हे मान्य. पण तळावर ठेवले तरी ते बोलतात की. गप्पा तळावर मारायच्या, लढायला एकट्यानं जायचं. अडचण काय?

उचगावची_ऊर्मी
अडचण ही की बरोबर नेलं नाही तर तुम्ही काय केलंत ते त्यांनी बघितलेलं नसतं. सोबत्याची तुमच्याबद्दलची पसंती-नापसंती बहुतेक वेळा बरोबर असणाऱ्याचीच बदलते. घरी ठेवलेल्या माणसाला रात्री येऊन हवं ते सांगायचं, ही सोय झाली.

पेठेतला_गोलकीपर
कोल्हापुरात राहून हा वाद? खासबागेत कुस्ती एकट्याची, शाहू स्टेडियमवर फुटबॉल अकरांचा, आणि दोन्हीकडं तालमीचीच पोरं. कुस्ती खरी आणि फुटबॉल खोटा असं म्हणतो का कुणी?

रंकाळा_रात्रपाळी
गोलकीपर, तुझ्या टीममधला बॅक चेंडू घेऊन तुझ्याच गोलमध्ये उभा राहतो का? लिडिया राहते.

पेठेतला_गोलकीपर
मागच्या सीझनला राहिला होता. नाव घेत नाही.

कोडवाला_कागलकर
बिनडोक सोबत्यावर उपाय जुनाच आहे. २००६च्या फायनल फॅन्टसी १२मध्ये गॅम्बिट होते. जोडीदाराचं रक्त अमुक टक्क्याच्या खाली गेलं की बरं करायचा मंत्र टाक, असे नियम तुम्हीच ओळीनं लावून द्यायचे. वरचा नियम आधी लागू. २००९च्या ड्रॅगन एज ओरिजिन्समध्ये टॅक्टिक्स, तीच कल्पना. सोबती चुकला तर नियमांचा क्रम तुम्ही चुकवलाय. मी लढाईपेक्षा त्या यादीत जास्त रमलो. हिलर वेळेत धावला की जो आनंद होतो, तो स्वतः तलवार मारून मला कधी झाला नाही. सोलोवाल्यांना यातलं काहीच मिळत नाही.

गल्ली_नं_सात
आणि नियम नीट लागले की लढाई आपोआप चालते. आपण हात बांधून बघायचं. मग खेळतंय कोण?

कोडवाला_कागलकर
गोठ्यात बसून दूध काढलं तरच डेअरी का? चालवतोय की मी!

जुना_सीडीवाला
गल्ली नं सात यांचं अगदीच चुकीचं नाही. गॅम्बिटवर तीच टीका तेव्हाही झाली होती. पण बॉस बदलला की यादी मोडते आणि पुन्हा बसावं लागतं.

सोलोवाल्यांना एक सावधगिरीची सूचना. बाल्डर्स गेट ३च्या ऑनर मोडमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक पातळीवर, सेव्ह एकच असतो आणि सगळे मेले की तो ऑनरचा खेळ संपला. सोलोत सगळे म्हणजे तुम्ही एकटे. शत्रूनं होल्ड पर्सन, म्हणजे जागच्या जागी खिळवणारा मंत्र, टाकला आणि तुमचा बचावाचा फासा पडला नाही, तर मंत्र टिकवणारी त्याची एकाग्रता मोडायला दुसरा कुणी नाही. जमिनीवर पडलात तर उठवायलाही नाही. तिथं कौशल्यापेक्षा फाशाचीच सत्ता जास्त. एकट्यानं हरलो तर माझी चूक, असं रात्रपाळी म्हणतात. या मोडमध्ये पुष्कळदा तसं नसतं.

रंकाळा_रात्रपाळी
होल्ड पर्सन टाकणाऱ्याला आधी गाठायचं. तो जिवंत राहिला आणि मी त्याच्या नजरेसमोर उभा राहिलो, तर चूक माझीच ना? चार माणसं असली की असा विचार कुणी करत नाही. एक अडकला तर तिघं आहेत म्हणून निवांत असतात.

तांबडा_पांढरा
बरं भावा, मधला मार्ग. बाल्डर्स गेट ३मध्ये तळावर विदर्स नावाचं पात्र आहे. त्याला १०० मोहरा दे, हायरलिंग म्हणजे भाड्याचा लढवय्या देतो. न गोष्ट, न रुसवा-फुगवा, टर्नही तूच खेळायचा. ताईंना नकोत, पण तुला चालतील की.

उचगावची_ऊर्मी
मला खरंच नकोत. मुके मजूर आहेत ते.

रंकाळा_रात्रपाळी
मलाही नकोत. विदर्सला १०० मोहरा देऊन माझा क्लास, म्हणजे योद्धा-जादूगार असा प्रकार, बदलून घेईन आणि पुन्हा एकटाच जाईन.