बल्बआधी होल्डर तपासा

गाडीच्या हेडलाइटचे दोन्ही बल्ब एकदमच बदलावेत असं सांगतात ते बरोबर आहे, एक गेला की दुसराही फार दिवस काढत नाही. पण "उजेड कमी झाला म्हणजे बल्ब संपला" हे मात्र पटत नाही. माझ्या गाडीला साधे 60/55 वॉटचे (हाय बीम 60, लो बीम 55) एच-4 हॅलोजन बल्ब आहेत. वर्षात दोनदा जोडी बदलली, दर वेळी साडेचारशे गेले, तरी पावसाळ्यात गगनबावडा घाटाच्या धुक्यात रस्ता दिसेना. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वायरिंगवाल्याने इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, होल्डरपाशी जेमतेम 12.2! अर्थिंगची वायर गंजली होती आणि होल्डर करपला होता. व्होल्टेज दहा टक्के पडलं तरी हॅलोजनचा उजेड 30 टक्क्यांच्या आसपास उतरतो. नवा होल्डर आणि मजुरी मिळून तीनशेत काम झालं, बल्ब तेच ठेवले.

आणि कुणी 100/90 वॉटचे बल्ब सुचवले तर कृपा करून ऐकू नका. मूळ वायरिंगला तो भार झेपत नाही, होल्डर वितळतो, आणि घाटात समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की काच तिथेच जास्त तापते.