सीव्हीएस की सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबायचं?

फोंडेकर:
बायकोला अकरावा आठवडा. आम्ही दोघेही थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक), म्हणजे बाळाला मेजर, खरा आजार, होण्याची शक्यता चारात एक. डॉक्टर म्हणतात बाराव्यात सीव्हीएस करा, बाळाला मेजर आहे का ते कळेल. सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून वारेचा कणभर तुकडा काढतात. आई म्हणते, गरोदर बाईच्या पोटात सुई नको, नशिबात असेल ते होईल. माझं मत: करायचीच. मेजरच्या पोराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, ते नशिबावर सोडू?

डिचोलीकर:
तपासणी नको हे चूक, पण घाई नको यात आईंचं काय चुकलं? १९९१ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, सीव्हीएस केलेल्या २८९ जणींपैकी ५ जणींच्या बाळांच्या हातापायांत व्यंग. शिवाय शंभरात एक-दोनदा वारेत दिसलेला दोष बाळात नसतोच. मग शेवटी बाळाभोवतीचं गर्भजल सुईने काढून तपासायचंच. दोन सुया कशाला? पंधरा आठवडे होऊ देत, मग थेट गर्भजलच तपासा.

साखळीची सून:
अर्धंच सांगितलंत. त्या तपासण्या ५६ ते ६६ दिवसांच्या गरोदरपणातल्या होत्या. म्हणून तर आता १० आठवडे भरायच्या आत करत नाहीत. आणि वार-बाळ फरक गुणसूत्रांच्या रिपोर्टात नडतो. थॅलेसेमियाचा जीन आईबापांकडून आलेला, तो दोन्हीकडे एकच. इथे भीती नमुन्यात आईच्या पेशी मिसळण्याची. लॅब आईचं रक्त ताडून बघते का, विचारा.

मी केलीय. डॉक्टरांनी बशी दाखवली: पाण्यात शेवाळासारखे पांढरे तंतू, बस्स. दोन दिवस पोटात ओढल्यासारखं झालं. रिपोर्ट आला तेव्हा शेजारणीलासुद्धा पत्ता नव्हता. सोळाव्यात गर्भजल काढलं तर रिपोर्ट येईतो बाळ हलायला लागतं. तेव्हा 'नको' म्हणणं कसं असतं, ते बाप्यांनी मला शिकवू नये.

डिचोलीकर:
ते मान्य, बाई. पण सुईमुळे गर्भपात झाला तर? शंभरात एक ऐकत आलोय.

साखळीची सून:
जुना आकडा. २०१५ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं, तपासणीमुळे वाढणारा धोका पाचशेत एकाच्या आसपास निघाला. गर्भजलाचा त्याहून थोडा कमी, हे तुमच्या बाजूचं.

डिचोलीकर:
पण हा आकडा सराव असलेल्या हातांचा! वर्षाला दोन-चार करणाऱ्याकडे मी माझ्या लेकीला नेणार नाही. गोव्यात नसेल तर बेळगाव-मुंबईची गाडी धरा, पण 'वर्षाला किती करता?' हे तोंडावर विचारा. लाजू नका. आणि असा हात नाही मिळाला तर थांबा, हे माझं मत कायम.

फोंडेकर:
विचारतो. संमतीच्या फॉर्मवर मुलगा-मुलगी सांगणार नाही असंही आहे म्हणे. आईला तेवढंच ऐकायचं होतं बहुतेक, कालपासून गप्प आहे.

साखळीची सून:
बायकोचा रक्तगट बघितलास का रे? निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून.

फोंडेकर:
बी निगेटिव्ह! हे कोणी बोललंच नव्हतं.